लिबर्टेरियन मत: वाया, वजनदार की नुसती हौस?

तिरपा_बाण (धागाकर्ता)

अमेरिकेच्या निवडणुकांवर इथे धागे निघतात तेव्हा सगळी चर्चा लाल (रिपब्लिकन) की निळा (डेमोक्रॅट) एवढ्यावरच संपते, म्हणून हा वेगळा धागा.

कर कमी करा, सरकार लहान ठेवा, बंदुकीला हात लावू नका, हे रिपब्लिकनांसारखं. गांजा ओढणाऱ्याला तुरुंगात टाकू नका, कोणी कोणाशी लग्न करावं यात सरकारने नाक खुपसू नये, हे डेमोक्रॅटांसारखं. परदेशातली युद्धं नकोत, हे दोघांपैकी जो विरोधी बाकांवर असेल त्याच्यासारखं. हे सगळं एकदम पटतं तो लिबर्टेरियन. त्यांचा स्वतंत्र पक्ष १९७१ पासून आहे. सगळ्यात चांगलं वर्ष २०१६: गॅरी जॉन्सन, सुमारे ४५ लाख मतं, ३.३ टक्के. तेही नाव पन्नासही राज्यांत मतपत्रिकेवर असताना आणि समोरचे दोन्ही उमेदवार कोट्यवधी लोकांना नकोसे असताना! २०२० ला जो जॉर्गेन्सन १.२ टक्के, २०२४ ला चेस ऑलिव्हर ०.४ टक्के.

माझं मत सरळ आहे. या मतदाराने आता पक्षाचा नाद सोडावा, रिपब्लिकन प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) शिरावं आणि तिथून हवा तो उमेदवार निवडून आणावा. सार्वत्रिक निवडणुकीत तिसऱ्याला दिलेलं मत वाया जातं. कोणाला वेगळं वाटत असेल तर कारणासकट सांगा. ‘तत्त्वासाठी मत’ हे कारण धरलं जाणार नाही.

पेठेतला

तत्त्व धरलं जाणार नाही म्हणताय आणि धागा लिबर्टेरियनांवर काढताय. शिल्लक काय राहणार?

हिशेबनीस

आधी मुळातच हे मतदार किती, यावर एकमत नाही. केटो इन्स्टिट्यूट या लिबर्टेरियन विचारगटाचे डेव्हिड बोअझ आणि डेव्हिड कर्बी यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला तेव्हा आकडा १३ टक्क्यांच्या आसपास आला. पीआरआरआय या सर्वेक्षण संस्थेने २०१३ मध्ये पक्के लिबर्टेरियन ७ टक्के आणि त्या बाजूला झुकलेले आणखी १५ टक्के सांगितले. राज्यशास्त्रज्ञ ली ड्रटमन यांनी २०१६ चे मतदार आर्थिक आणि सामाजिक अशा दोन अक्षांवर मांडले, तर त्या चौकटीत चार टक्केसुद्धा भरले नाहीत.

इतकी तफावत येते ती रेघ कुठे मारली यामुळे. ‘सरकारने कमी कामं करावीत का?’ असं मोघम विचारलं की निम्मा देश हात वर करतो. ‘सोशल सिक्युरिटी कमी करू का? मेडिकेअर कमी करू का?’ असं (निवृत्तिवेतन आणि ज्येष्ठांचा आरोग्यविमा यांचं) नाव घेऊन विचारलं की तेच हात खाली येतात. ड्रटमनच्या आर्थिक अक्षात अशा थेट कार्यक्रमांचे प्रश्न होते. त्यामुळे त्यांच्या नकाशावर जवळपास रिकामा कोपरा लिबर्टेरियनांचा निघाला, आणि त्याच्या बरोबर समोरचा, म्हणजे आर्थिक बाबतीत डावा आणि सामाजिक बाबतीत परंपरावादी, तो भरून वाहत होता: जवळजवळ २९ टक्के. ट्रम्पनी त्या कोपऱ्यातून मतं उचलली. लिबर्टेरियन ज्याला आपला नैसर्गिक मित्रपक्ष समजत होते तो तिकडे का सरकला, याचं उत्तर या चित्रात आहे.

तिरपा_बाण, तुमचं मत वाचण्याआधीच हे लिहिणार होतो: ४ टक्के लोक प्रायमरीत शिरून काय दिवे लावणार?

तिरपा_बाण

हिशेबनीस, प्रायमरीला मतदान किती कमी होतं ते बघा. तिथे ४ टक्क्यांचे १५ टक्के होतात, कारण हे लोक राजकारणात मुरलेले असतात आणि मतदानाला हटकून जातात. लिबर्टेरियन विचारांचे रिपब्लिकन रॉन पॉल यांनी २०१२ ला अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी आयोवात २१ टक्के घेतले होते.

दुर्बीण

रॉन पॉल यांचं उदाहरण काढलंतच तर ते पूर्ण सांगू, कारण शिरायचं कसं आणि बाहेर कसं काढतात, दोन्ही त्यात दिसतं.

आयोवाच्या कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या स्थानिक सभांत, लोक संध्याकाळी शाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये जमतात. कागदाच्या चिठ्ठीवर आवडत्या उमेदवाराचं नाव लिहितात, आणि बहुतेक जण घरी जातात. टीव्हीवर दिसतो तो या चिठ्ठ्यांचा निकाल. पण सभा संपलेली नसते. त्यानंतर काउंटीच्या (राज्याखालचा प्रशासकीय विभाग) अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडायचे असतात, आणि २०१२ पर्यंत चिठ्ठ्यांच्या निकालाशी त्यांना बांधणारा नियम नव्हता. पॉल यांच्या लोकांना शिकवलं होतं की खुर्ची सोडायची नाही, हात वर करायचा. काउंटी, मग जिल्हा, मग राज्य, अशा पायऱ्या चढत चिठ्ठ्यांत तिसरे आलेल्या पॉल यांच्याकडे आयोवाच्या राष्ट्रीय प्रतिनिधींपैकी बहुसंख्य आले.

मग पक्षाने काय केलं? उमेदवाराचं नाव अधिवेशनात मांडायला आधी पाच राज्यांत सर्वाधिक प्रतिनिधी पुरत होते. टँपाच्या अधिवेशनात ते बदलून आठ राज्यांत निखळ बहुमत अशी अट आली. आणि २०१६ पासून राज्यभर पसंतीचं मतदान घेतलं तर प्रतिनिधी त्याच निकालाला बांधलेले. भोक सापडलं की बुजवायचं, यात दोन्ही पक्ष तरबेज आहेत.

मूकवाचक२

वाचनखूण साठवली. चालू द्या.

पेठेतला

म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत जो शेवटपर्यंत बसतो तोच सेक्रेटरी होतो, तसंच की. वेफर्स संपले की सभासद निघाले!

अटलांटावासी

‘मत वाया जातं’ हे वाक्य जॉर्जियात कोणी म्हणत नाही. तिथला इतिहास क्रमाने सांगतो.

जॉर्जियात सिनेटर व्हायला ५० टक्क्यांच्या वर मतं लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत रनऑफ, म्हणजे पुन्हा मतदान. १९९२ मध्ये डेमोक्रॅट वायच फाउलर पुढे होते, पण लिबर्टेरियन उमेदवाराने ३ टक्के घेतल्यामुळे ५० च्या आत अडकले. रनऑफला मतदान घसरलं आणि रिपब्लिकन पॉल कव्हरडेल जिंकले. तेव्हा राज्याच्या विधिमंडळात डेमोक्रॅटांचं बहुमत होतं. त्यांनी अट ५० वरून ४५ वर आणली. १९९६ ला त्यांचेच मॅक्स क्लेलंड ४९ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन रनऑफशिवाय सिनेटर झाले.

पुढे सत्ता पालटली. २००५ मध्ये रिपब्लिकनांनी अट पुन्हा ५० वर नेली. आता २०२० बघा: रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यू ४९.७, डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ ४७.९, लिबर्टेरियन शेन हेझल २.३. डेमोक्रॅटांची जुनी ४५ ची अट राहिली असती तर पर्ड्यू नोव्हेंबरमध्येच सिनेटर. रिपब्लिकनांनी स्वतः वाढवलेल्या अटीपायी ५ जानेवारी २०२१ च्या रनऑफला जावं लागलं, तिथे ते हरले. त्याच दिवशी दुसरी जागाही गेली, सिनेट ५०-५० झालं आणि उपाध्यक्षांच्या मतावर सभागृह डेमोक्रॅटांकडे आलं. २.३ टक्क्यांनी एवढं घडवलं.

२०२२ ला पुन्हा तेच: डेमोक्रॅट वॉर्नॉक ४९.४, रिपब्लिकन वॉकर ४८.५, लिबर्टेरियन ऑलिव्हर २.१. पुन्हा रनऑफ, ६ डिसेंबरला.

दुर्बीण

अटलांटावासी, माहिती उत्तम, पण निष्कर्ष पटला नाही. ते वजन नियमाचं होतं, मतदाराचं नव्हे. ज्या २.३ टक्क्यांनी हे घडवलं त्यांच्या पदरात काय पडलं? कर कमी झाला? पाळत ठेवणारा एखादा कायदा रद्द झाला? २०२१ मध्ये जॉर्जियाने कायदा केला तो रनऑफ नऊ आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आणण्याचा. लिबर्टेरियनांना काय हवंय हे विचारायला कोणीही आलं नाही.

वजन तेव्हा म्हणायचं जेव्हा गठ्ठा हलवता येतो. ‘आमचं हे काम करा, रनऑफला आमची मतं तुमची’ असं सांगणारा आणि ते करून दाखवणारा कोणी हवा. ‘आम्हाला कोणी सांगायचं नाही’ या एकाच मुद्द्यावर जमलेल्या लोकांची व्होट बँक होत नसते.

काकडी_कोशिंबीर

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं असं आहे.

अटलांटावासी

दुर्बीण, अंशतः मान्य. पण राज्यभराच्या पदांसाठी जॉर्जियात लिबर्टेरियन उमेदवार मतपत्रिकेवर असतो कशामुळे? आधीच्या निवडणुकीत राज्यभराच्या एखाद्या पदाला नोंदणीकृत मतदारांच्या १ टक्का मतं मिळवली की पुढच्या वेळी सह्या गोळा कराव्या लागत नाहीत. ‘वाया’ गेलेली मतं ती जागा राखतात.

याउलट त्याच राज्यात काँग्रेसच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) जागेसाठी मतदारसंघातल्या ५ टक्के मतदारांच्या सह्या लागतात. ही अट १९४३ ची. त्या सह्या भरून तिसऱ्या पक्षाचा एकही उमेदवार आजवर मतपत्रिकेवर आलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये जेनेस खटल्यात ही अट योग्य ठरवली होती, म्हणून आजही प्रत्येक दावा तिथे येऊन आपटतो.

सुगंधा_एन्जे

सह्यांचा विषय निघालाच आहे तर बाहेरून न दिसणारं काम सांगते. या पक्षाचा पैसा आणि जीव प्रचाराच्या आधी इथे संपतो.

प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. टेनेसीत अध्यक्षपदाच्या अपक्ष उमेदवाराला फक्त २७५ सह्या पुरतात, पण पक्ष म्हणून यायचं तर गव्हर्नरच्या निवडणुकीतल्या मतांच्या २.५ टक्के. म्हणून तिथे लिबर्टेरियन उमेदवार ‘अपक्ष’ म्हणून छापला जातो. अलाबामात पक्षाला ३ टक्के सह्या, आणि पुढच्या वेळी टिकून राहायला राज्यभराच्या एखाद्या पदाला २० टक्के मतं. इंडियानात सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुकांचं काम बघणारा अधिकारी) या पदाला २ टक्के मिळाले की चार वर्षं निश्चिंत. त्यामुळे इंडियानात पक्ष गव्हर्नरइतकीच ताकद या कोणाला नावही माहीत नसलेल्या पदावर लावतो. टेक्सासमध्ये २०१९ पासून नियम सोपा झाला: गेल्या पाच सार्वत्रिक निवडणुकांत राज्यभराच्या कुठल्याही पदाला एकदा २ टक्के. पण त्याच कायद्याने अधिवेशनातून उमेदवारी मिळवणाऱ्यांनाही फी लावली. काँग्रेससाठी ३,१२५ डॉलर, सिनेटसाठी ५,००० डॉलर, नाहीतर पुन्हा सह्या.

सह्या बाद होतात त्याची कारणं ठरलेली: सही करणारा मतदार म्हणून नोंदलेलाच नाही, घर बदललंय पण यादीत जुना पत्ता, एका काउंटीच्या कागदावर दुसऱ्या काउंटीचा मतदार, तारीख राहिली, एकाच माणसाने दोनदा सही केली. शहाणे लोक हव्या तेवढ्याच्या दीडपट सह्या आणतात. शेवटच्या आठवड्यात पैसे देऊन गोळा केलेल्या सह्यांत बाद होण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं, कारण दर सहीमागे पैसे असले की समोरचा नोंदलेला आहे का हे कोणी विचारत नाही. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात काउंटीचं नाव आधीच छापून घ्यायचं आणि क्लिपबोर्डवर दोन-तीन काउंट्यांचे वेगळे गठ्ठे ठेवायचे, एवढ्यानेही फरक पडतो.

टेक्सासची आणखी एक अडचण: त्या वर्षी प्रायमरीत मत दिलेला माणूस नव्या पक्षाच्या अर्जावर सही करू शकत नाही आणि लिबर्टेरियन पक्षाच्या अधिवेशनातही भाग घेऊ शकत नाही. तिरपा_बाण, तुमच्या ‘प्रायमरीत शिरा’ची ही किंमत आहे. तिथे दोन्ही करता येत नाही.

आणि इथल्या वाचकांसाठी मुद्दाम: एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असाल तर मॉलबाहेर कोणी कितीही गोड बोललं तरी अशा अर्जावर सही करू नका. लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा चौकोन समोर येतो, तिथे बरोबरची खूण करू नका. नागरिक असल्याचा खोटा दावा नागरिकत्वाच्या अर्जात फार महागात पडतो. देणगीचं म्हणाल तर ग्रीन कार्डवाल्यांना चालते, एच-वनवाल्यांना नाही.

मूकवाचक२

शेवटचा परिच्छेद पिन करा कोणीतरी.

पेठेतला

न्यूयॉर्कचं राहिलं. तिथला कारभार जास्त रंजक आहे.

सुगंधा_एन्जे

हो, राहिलंच. न्यूयॉर्कमध्ये २०१८ ला लॅरी शार्प यांनी गव्हर्नरच्या निवडणुकीत ५० हजार मतांची अट पार केली आणि पक्षाला पहिल्यांदा अधिकृत दर्जा मिळाला. २०२० मध्ये राज्याने अटच बदलली: १,३०,००० मतं किंवा एकूण मतांच्या २ टक्के, यातला मोठा आकडा, आणि तोही दर दोन वर्षांनी. दर्जा गेला. सह्यांची अट १५ हजारांवरून ४५ हजार झाली, गोळा करायला ४२ दिवस, आणि राज्यातल्या निम्म्या काँग्रेस मतदारसंघांतून किमान पाचशे-पाचशे. २०२२ ला गव्हर्नरच्या मतपत्रिकेवर दोनच उमेदवार उरले. २०२४ ला अध्यक्षपदालाही तेच.

गंमत म्हणजे त्याच मतपत्रिकेवर पक्षांच्या ओळी मात्र दोनांहून जास्त होत्या. न्यूयॉर्कमध्ये एका उमेदवाराला दोन-तीन पक्ष पुरस्कृत करू शकतात आणि सगळ्या ओळींची मतं एकत्र मोजली जातात. वर्किंग फॅमिलीज आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष याच सोयीवर जगतात. लिबर्टेरियनांना ती सोय तत्त्वाने नको असते, आणि बहुतेक राज्यांत ती मुळातच नाही. १९९७ च्या टिमन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी संयुक्त उमेदवारी बंद करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला.

बांधावरचा

आपल्याकडे तिकीट नाकारलं की बंडखोर अपक्ष उभा राहतो आणि अधिकृत उमेदवाराला पाडतो. तिकडचे लिबर्टेरियन हाच मार्ग का धरत नाहीत? आधी रिपब्लिकन तिकीट मागायचं, नाही मिळालं तर लिबर्टेरियन म्हणून उभं राहायचं.

दुर्बीण

बांधावरचा, कायद्याने दार बंद आहे. बहुतेक राज्यांत प्रायमरीत हरलेल्याला त्याच वर्षी त्याच पदासाठी दुसऱ्या पक्षाकडून किंवा अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर येता येत नाही. काही ठिकाणी थेट मनाई आहे, काही ठिकाणी अर्जाच्या तारखाच अशा की दोन्ही जमत नाही. आपल्याकडे मतदानाच्या दोन आठवडे आधी अर्ज मागे घेण्याच्या दिवशी जे नाट्य चालतं ते तिकडे होऊच शकत नाही. बंडखोराची भीती नसली की पक्षाला आतल्या अल्पमताला काही द्यावं लागत नाही.

बांधावरचा

कळलं. आता थोडं अवांतर. मराठी वाचकाला हा विचार परका नाही. शरद जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला तो याच धर्तीवर: शेतमालाचा बाजार खुला करा, सरकार लहान करा. शेतकरी संघटनेच्या सभांना लाखांनी माणसं यायची, मतपेटीत त्यातलं फारसं उतरलं नाही. त्याआधी १९५९ चा राजाजी-मसानींचा स्वतंत्र पक्ष १९६७ ला लोकसभेत ४४ जागांपर्यंत गेला होता, आणि पुढच्या दहा वर्षांत संपलाही. पुन्हा उभं राहायचं तर आपल्याकडे वेगळाच पेच: लोकप्रतिनिधित्व कायद्याचं २९-अ कलम नव्याने नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाकडून समाजवादावर निष्ठा लिहून घेतं. जोशींनी राज्यसभेत ते बदलायला खासगी विधेयक आणलं होतं. तिकडे सह्यांचा डोंगर, इकडे शपथ.

पेठेतला

लिबर्टेरियन पक्षाने समाजवादाची शपथ घ्यायची आणि भांडवलदारांकडून देणगी मागायची. देश चालतोय तो असाच.

हिशेबनीस

बांधावरचा, अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. पण स्वतंत्र पक्षाला ४४ जागा मिळाल्या कारण त्यांची मतं गुजरात, राजस्थान, ओडिशात एकवटलेली होती. एक मतदारसंघ एक विजेता या पद्धतीत तिसऱ्या पक्षाला एखादा बालेकिल्ला लागतो. फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ दुवर्जे यांचा १९५१ चा सिद्धान्त सगळे सांगतात, की या पद्धतीत दोनच पक्ष उरतात, पण तो लागू पडतो तो मतदारसंघागणिक. देशभर दोनच उरतील असं त्यातून आपोआप निघत नाही. लिबर्टेरियनांची ३ टक्के मतं देशभर साखरेसारखी विरघळलेली आहेत. जॉन्सन ज्या न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर होते तिथेही ९ टक्क्यांच्या आसपास.

२०१६ चा आणखी एक आकडा: ४५ लाख मतं घेऊन जॉन्सन यांना इलेक्टोरल मतं (राज्यांचे इलेक्टर अध्यक्ष निवडताना देतात ती) शून्य. उभेही नसलेल्या रॉन पॉल यांना एक, कारण टेक्सासच्या एका इलेक्टरने ट्रम्पऐवजी त्यांचं नाव लिहिलं. १९७२ मध्ये पक्षाच्या पहिल्याच निवडणुकीत असंच झालं होतं. व्हर्जिनियाच्या रिपब्लिकन इलेक्टरने पक्षाचे उमेदवार जॉन हॉस्पर्स (अध्यक्ष) आणि टोनी नेथन (उपाध्यक्ष) यांना मत दिलं. इलेक्टोरल मत मिळालेल्या नेथन या पहिल्या महिला. पक्षाच्या खात्यावर आजवर एवढं एकच.

काकडी_कोशिंबीर

चार हजाराच्या आत मतं तेव्हा एक इलेक्टर, ४५ लाखांना शून्य. मतं कमी करत जा, बहुमत येईल.

वाकडी_वाट

सगळे अध्यक्षपदावरच घुटमळताय. बालेकिल्ल्याचा प्रयोग झालेला आहे: न्यू हॅम्पशायर. लिबर्टेरियनांनी एकाच राज्यात राहायला जायचं ही फ्री स्टेट प्रोजेक्टची कल्पना २००१ ची, राज्य ठरलं २००३ मध्ये, आणि ‘आम्ही तिथे राहायला जाऊ’ अशी लेखी कबुली देणाऱ्यांचा २० हजारांचा टप्पा २०१६ मध्ये गाठला. राज्य का हेच? लोकसंख्या १४ लाख, पगारावर राज्याचा आयकर नाही, विक्रीकर नाही, आणि कनिष्ठ सभागृहात ४०० सदस्य. म्हणजे साडेतीन हजार लोकांमागे एक आमदार. मानधन वर्षाला १०० डॉलर. एवढ्या लहान मतदारसंघात उमेदवार स्वतः प्रत्येक दार वाजवू शकतो, टीव्हीची जाहिरात लागत नाही.

कुठल्या चिन्हावर? बहुतेक जण रिपब्लिकन. २०१७ मध्ये तीन आमदार लिबर्टेरियन पक्षात आले होते, २०१८ च्या निवडणुकीनंतर एकही उरला नाही. रिपब्लिकन म्हणून आलेले मात्र सभागृहाच्या बहुमत नेत्याच्या खुर्चीपर्यंत पोचले. त्यामुळे धागाकर्त्याचं मत इथे खरं ठरतं.

पण पुढे वाचा. क्रॉयडन नावाचं ८०० वस्तीचं गाव. तिथे गावाचं बजेट मार्चच्या गावसभेत हात वर करून ठरतं. मार्च २०२२ ला सभेला मोजकी माणसं होती. या चळवळीतल्या एकाने ऐन वेळी सूचना मांडली: शाळेचं बजेट १७ लाख डॉलरवरून ८ लाखांवर आणा. २० विरुद्ध १४ मतांनी मंजूर! गावाच्या मुलांना शेजारच्या गावातल्या शाळांत पाठवायचे ठरलेले पैसेसुद्धा त्यात बसेनात. लोक जागे झाले. पण विशेष सभेत बजेट फिरवायला निम्मे नोंदणीकृत मतदार हजर हवेत, म्हणजे २८३. म्हणून कपातीच्या बाजूच्या काहींनी सरळ ‘घरी बसा’ असा प्रचार केला. मे महिन्यात ३७९ जणांनी मत दिलं: ३७७ विरुद्ध २.

तिरपा_बाण

वाकडी_वाट, हे उदाहरण माझ्या बाजूचं की विरुद्ध?

वाकडी_वाट

दोन्ही. आत शिरण्याचा मार्ग बरोबर आहे. आत जाऊन मतदाराला न विचारता एका संध्याकाळी सगळं कापायचं, हे चुकलं. चार टक्केवाल्यांना संख्येची सवय नसते.

आणखी एक. पक्षाच्या स्वतःच्या नावावर २०२० मध्ये वायोमिंगमध्ये मार्शल बर्ट आमदार झाले, कारण त्या मतदारसंघात रिपब्लिकनांनी उमेदवारच दिला नव्हता, सरळ लढत डेमोक्रॅटशी होती. २०२२ ला रिपब्लिकन उमेदवार आला आणि बर्ट गेले. जिथे दोन मोठ्यांपैकी एक मैदानातच नाही अशा जागा हुडकणं, हे पक्ष म्हणून करण्याजोगं काम आहे. अशा जागा राज्यांच्या विधिमंडळांत ढीगभर असतात.

अटलांटावासी

धागाकर्त्यांनी रिपब्लिकनच का धरले, हेही विचारायला हवं. जस्टिन अमॅश यांनी २०१९ ला रिपब्लिकन पक्ष सोडला आणि २०२० ला ते लिबर्टेरियन झाले, काँग्रेसमधले पहिले. पोलिसांना दाव्यांपासून मिळणारं संरक्षण काढायचं विधेयक त्यांनी आणलं ते डेमोक्रॅट आयाना प्रेसली यांच्यासोबत. ते पुन्हा उभे राहिले नाहीत. सिनेटर रँड पॉल आणि कनिष्ठ सभागृहातले थॉमस मॅसी रिपब्लिकन पक्षात राहिले. मॅसी यांनी जुलै २०२५ ला ट्रम्प यांच्या मोठ्या करविधेयकाविरुद्ध मत दिलं तेव्हा कनिष्ठ सभागृहात रिपब्लिकनांपैकी सोबतीला एकच जण होता. आयातशुल्काच्या वादात रँड पॉल यांच्यासोबतही मोजकेच रिपब्लिकन होते.

पेठेतला

म्हणजे बाहेर पडलात तर संपलात आणि आत राहिलात तर एकटे पडलात. छान.

दुर्बीण

ट्रम्प यांचा विषय निघालाच तर मे २०२४ ची घटना नोंदवायला हवी. ते स्वतः लिबर्टेरियन पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आले. हुर्यो झाली. ‘तुम्हाला दर चार वर्षांनी ३ टक्केच हवे असतील तर घ्या’ अशा अर्थाचं सुनावून गेले. पण रॉस उल्ब्रिख्टला सोडायचं वचन दिलं, आणि २१ जानेवारी २०२५ ला त्याला माफी दिली. सिल्क रोड या अमली पदार्थांच्या ऑनलाइन बाजाराच्या खटल्यात तो जन्मठेप भोगत होता. मंत्रिमंडळात लिबर्टेरियन घेण्याचंही वचन होतं. मी मघाशी म्हटलं गठ्ठा हलत नाही, तर हा त्यातल्या त्यात अपवाद: एक ठळक मागणी, एक माणूस, हो किंवा नाही एवढंच उत्तर. ‘सरकार लहान करा’ ही मागणी पुरी झाली की नाही हे तपासता येत नाही, ही आली. २०२४ ला पक्षाची मतं ०.४ वर का आली, याचं थोडं उत्तर यातही असावं.

हिशेबनीस

‘मतं खातात’ या आरोपावर एक खुलासा. २०२० ला ॲरिझोनात बायडन १०,४५७ मतांनी जिंकले, जॉर्गेन्सन यांना ५१ हजार. जॉर्जियात फरक ११,७७९, त्यांना ६२ हजार. विस्कॉन्सिनमध्ये फरक २०,६८२, त्यांना ३८ हजार. रिपब्लिकन लगेच म्हणाले, आमची मतं खाल्ली. पण तिसरा नसता तर ही सगळी मतं ट्रम्पना गेली असती हे गृहीत कशावरून? काही डेमोक्रॅटांना गेली असती, आणि बरेच घरीच बसले असते. उरलेल्यांत ट्रम्पना किती मोठी आघाडी लागली असती, हे आधी मांडावं लागेल. बेरीज करून मोकळं व्हायचं हे आपल्याकडच्या मतविभागणीच्या चर्चेतही रोज चालतं.

तिरपा_बाण

पसंतीक्रमाच्या मतदानाने हे सगळंच सुटणार नाही का?

दुर्बीण

‘मत वाया’ एवढंच सुटतं, जागा मिळत नाही. मेनमध्ये २०१८ ला दुसऱ्या काँग्रेस मतदारसंघात पहिल्या फेरीत पुढे असलेले रिपब्लिकन पॉलिक्विन अपक्षांची दुसरी पसंती मोजल्यावर हरले. अलास्कात २०२२ पासून प्रायमरीतले पहिले चार पुढे जातात आणि मग पसंतीक्रम. २०२४ ला ती पद्धत रद्द करायचा ठराव हजाराच्याही आतल्या फरकाने फेटाळला गेला. त्याच दिवशी कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगनने अशा सुधारणा नाकारल्या. लोकांना ती हवी आहे असं गृहीत धरू नका.

आणि कॅलिफोर्नियासारखी पहिले दोन पुढे ही पद्धत असेल तर लिबर्टेरियन नोव्हेंबरमध्ये जवळपास दिसतच नाहीत. सुधारणा म्हणजे नेमकी कुठली, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

मूकवाचक२

न्यू जर्सी, पेनसिल्व्हानिया आणि न्यूयॉर्कमधल्या मतदाराने प्रायमरीत शिरायचं ठरवलं तर तारखा काय? आणि मतपत्रिकेवर नावच नसेल तर हाताने लिहिलेलं मत मोजतात का?

सुगंधा_एन्जे

न्यू जर्सी: नोंदणीवर पक्ष लिहिलेला नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगता येतो, पण त्यानंतर तुमची नोंद त्या पक्षाची होते. आधीच दुसऱ्या पक्षाची नोंद असेल, आणि त्यात लिबर्टेरियनही आलं, तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी बदलावी लागते.

पेनसिल्व्हानिया: प्रायमरी बंद, म्हणजे त्या पक्षाची नोंद असलेल्यांनाच खुली. बदल १५ दिवस आधीपर्यंत. लिबर्टेरियन म्हणून नोंद असेल तर प्रायमरीत उमेदवारांना मत देता येत नाही, फक्त सार्वमताचे प्रश्न असतील तर तेवढे.

न्यूयॉर्क: बंद, आणि पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारी. प्रायमरी जूनमध्ये असते, त्यामुळे प्रचार सुरू झाल्यावर जाग आली तर त्या वर्षापुरता विषय संपला.

व्हर्जिनिया, टेक्सास, जॉर्जिया: नोंदणीत पक्ष नसतोच. कुठल्याही एका प्रायमरीत जा. टेक्सासबद्दल वर लिहिलंय ते लक्षात ठेवा.

हाताने लिहिलेलं नाव: बऱ्याच राज्यांत उमेदवाराने आधी कागदपत्रं भरून नोंद केली असेल तरच मोजतात, नाहीतर ‘इतर’मध्ये जातं. हवाई, ओक्लाहोमा, साउथ डकोटा, नेवाडात ती सोयच नाही. हवाईची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये कायम केली. नेवाडात त्याऐवजी ‘यांपैकी कोणीही नाही’ छापलेलं असतं, १९७६ पासून, म्हणजे आपल्या नोटाच्या कितीतरी आधी.

पेठेतला

आणि तिथे २०१४ ला डेमोक्रॅटांच्या गव्हर्नर प्रायमरीत ‘कोणीही नाही’ पहिला आला होता. ३० टक्के!

सुगंधा_एन्जे

हो, पण तिकीट दुसऱ्या नंबरवाल्याला मिळालं. कायद्यात तसंच लिहिलंय.